गव्हर्नरची तिवई

मित्रांनो, मी गाईची धार काढताना बसायची एक जुनी तिवई आहे. तीन पाय, उंची जेमतेम दीड वीत. माझ्याविषयी सांगण्यासारखं फारसं नाही. माझ्यावर बसणारा माणूस मात्र सांगण्यासारखा होता.

त्याचं नाव एझ्रा हॉलोवे. अमेरिकेच्या पश्चिमेला वस्ती नुकती होत होती, तेव्हा तो बायकोमुलांसह तिथे आला. झाडं तोडून त्याने शेत केलं आणि त्यातल्याच एका मेपलमधून मला घडवलं. पहाटे तो धार काढी आणि शेजारी कुंपणापाशी उभे राहून पाण्याची, रस्त्याची गाऱ्हाणी सांगत. हात चालू ठेवून तो सगळं ऐकून घेई. अशा माणसाला लोकांनी एक दिवस मतं देऊन राज्याचा गव्हर्नर केलं.

त्याने मलाही राजधानीत नेलं. आलेल्या शेतकऱ्याला तो गुबगुबीत खुर्चीत बसवी आणि स्वतः माझ्यावर बसे.

"गव्हर्नर, गाय कुठे बांधलीत?" एकाने चिडवलं.

"घरी. तिची काही तक्रार नाही."

पुढे मात्र तो मोठ्या टेबलामागेच बसू लागला. मी कोपऱ्यात धूळ खात राहिले. लोक येईनासे झाले आणि पुढची निवडणूक तो हरला. तेव्हा त्याने मला स्वतःच्या हाताने पुसलं आणि परत गोठ्यात आणलं.

तो गेल्यावर कित्येक वर्षं मी माळ्यावर होते. आता तिथल्याच रेडमंड शहराहून तासाभरावरच्या एका लहानशा संग्रहालयात असते. तिथे शनिवारी हौसेने काम करायला येतात सॉफ्टवेअरवाला निमिष आणि मुलाकडे राहणाऱ्या सुहासिनीकाकू.

गेल्या शनिवारी निमिष ड्रिल घेऊन आला. "काकू, ह्या स्टुलाचा एक पाय मिसिंग आहे. मी थ्रीडी प्रिंटरवर नवा बनवलाय. फक्त एक होल पाडायचं."

एझ्राच्या बसण्याने झिजलेल्या जागीच निमिषने पेन्सिलीने खूण केली होती.

"थांब रे! चुलीला दगड किती मांडतात?"

"काकू, आमच्याकडे इंडक्शन आहे."

"तीन! उघड्या रानातसुद्धा पातेलं हलत नाही. चल बाहेर."

काकूंनी मला अंगणातल्या दगडगोट्यांवर ठेवलं. शेजारी ऑफिसातली चार पायांची खुर्ची ठेवली. निमिष खुर्चीत बसला, ती डुगडुगली. मग तो माझ्यावर बसला. मी तसूभरही हलले नाही.

"गोठ्यात कुठली आली सपाट फरशी?" काकू म्हणाल्या.

"अरे यार! मी तर वाट लावणार होतो हिची." त्याने ड्रिल पेटीत ठेवलं आणि रबराने ती खूण पुसून टाकली.

मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही. त्याचा हेतू चांगलाच होता. पण लाकडाला पडलेलं भोक काही भरून येत नाही. म्हणून जुन्या वस्तूत काही उणं दिसलं, तर हत्यार उचलण्याआधी ती घटकाभर वापरून पाहा.