राज्यशास्त्राच्या सरांचा शिक्का

मी शिक्का बोलून राहिलो. दचकू नका, रबराचाच आहे. पण एके काळी माझा रुबाब असा होता, की माझ्याशिवाय कॉलेजच्या भिंतीवर चिटोरंसुद्धा चिकटत नव्हतं.

माझा जन्म इतवारीतल्या एका शिक्केवाल्याच्या दुकानात झाला. माझ्यासोबत घडलेले भाऊबंद कोणी धंतोलीच्या दवाखान्यांत गेले, कोणी पतसंस्थेत. माझ्या पोटावर अक्षरं होती, 'लावण्यास परवानगी'. शिक्केवाल्याला हसू आलं. "काय लावाचं गा?" त्यानं विचारलं. मला न्यायला आलेला शिपाई मारोतराव म्हणाला, "कागद. आमच्या कॉलेजात आता कागदालेही विचारून चिकटा लागते."

कॉलेज सक्करदऱ्याकडचं. तिथं दोन पुढारी होते, पियुष आणि संघपाल. दोघंही शेवटच्या वर्षाला आणि दोघांचेही आवाज खणखणीत. सकाळी पियुषच्या गटाचं पोस्टर लागलं, की दुपारी संघपालच्या गटाचं बरोबर त्याच्यावर, आणि संध्याकाळी दोन्ही फाटलेली. एकदा गोष्ट एकमेकांची कॉलर धरण्यापर्यंत गेली. तेव्हा प्राचार्य रविंद्र सरांनी फर्मान काढलं, शिक्क्याशिवाय काही लागणार नाही. सर स्वतः राज्यशास्त्राचे बरं का! अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा धडा त्यांनी बावीस वर्षं शिकवला होता, आणि फार छान शिकवायचे म्हणे.

झालं, मी सरांच्या ड्रॉवरात राहू लागलो. रक्तदान शिबिर? ठप्प. छत्री हरवली? ठप्प. पियुषचं व्याख्यान? "विषय नाजूक आहे." संघपालची चर्चा? "विषय नाजूक आहे." महिन्याभरात फलकावर फक्त हरवलेल्या छत्र्या उरल्या. मी मात्र चांगलाच फुगलो होतो, खोटं कशाला सांगू.

मग एक दिवस दीप्ती आली. उमरेडच्या विणकराची पोरगी. माग बंद पडल्यावर बाप कापडाच्या दुकानात कामाला लागला, आणि ही इथं होस्टेलात राहून बी.ए. करत होती. कॉलेजचं भित्तिपत्रक तिच्याकडे होतं. तिनं या खेपेला प्रश्न घेतला होता, 'कॉलेजात राजकारण बोलावं काय?' डावीकडे पियुषचा लेख, उजवीकडे संघपालचा, आणि मधे कोरी जागा वाचणाऱ्यांसाठी.

सरांनी चष्मासुद्धा लावला नाही. दोन नावं दिसली, तेवढं त्यांना पुरे झालं.

"नाही."

"काहून सर?"

"वाद होईल."

"वाद व्हावा म्हणूनच तर लिहून घेतलं."

"मारामाऱ्या होतात, दीप्ती. तू पाहिलं नाही काय?"

"हे मारामारी कुठं करून राहिले सर? लिहून राहिले."

सरांनी ड्रॉवर धाडकन लावला. माझं डोकं आपटलं.

पोरगी जिद्दीची. दुसऱ्या दिवशी तिनं ते माझ्याविनाच लावलं! मी अंधारात जळफळत राहिलो. सरांनी तिला पत्र दिलं, सोमवारपर्यंत लेखी माफी द्या, नाहीतर होस्टेल सोडा. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. होस्टेल सुटलं की उमरेडला परत, आणि रोज तिथून ये-जा करून अभ्यास काय डोंबलाचा होणार? कॅबिनबाहेरच्या बाकावर बसून ती बापाशी फोनवर बोलली, ते मी ऐकलं. फोन ठेवून ती मारोतरावला म्हणाली, "बाबा म्हणतात, दोन ओळी लिहून दे, काय जाते? पण काका, चुकली असती तर दहा लिहिल्या असत्या." आणि ती रडली. मला पहिल्यांदाच स्वतःची थोडी लाज वाटली.

शनिवारी सरांनी मारोतरावला बोलावलं. "शिक्का नसलेला एकही कागद मला कॉलेजात दिसता कामा नये. एकही!"

"हाव सर," मारोतराव म्हणाला.

हा माणूस भोळा की बेरका, हे मला आजवर कळलेलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एकदाच साहेबाच्या हुकमात स्वतःची अक्कल घातली होती, तेव्हा त्याला मेमो मिळाला. मग त्यानं तो नाद सोडला. त्यानं स्टूल घेतलं आणि कामाला लागला. भित्तिपत्रक काढलं. परीक्षेचं वेळापत्रक काढलं. 'शांतता राखा' काढलं. 'फक्त मुलींसाठी' काढलं, आणि त्यावरून काय तमाशा झाला तो मी सांगत नाही. संस्थेचे अध्यक्ष दादाजी यांच्या वाढदिवसाचं, हात जोडलेलं पोस्टर काढलं. शेवटी सरांच्या दारावरची 'प्राचार्य' ही पाटीही काढली, कारण तीही कागदाचीच होती.

"मारोतराव! भैताड झाले काय?"

"शिक्का नाही न सर त्याच्यावर. मले वाटलं, नियम सगळ्याईले सारखा."

तिकडे पोरं वेळापत्रकासाठी ओरडत होती, इकडे दादाजींचा फोन वाजत होता. "आणा सगळं टेबलावर," सर म्हणाले. "मारतो शिक्के!"

ढीग हा एवढा! सर मोठ्यानं वाचत होते, मारत होते. ठप्प, ठप्प. आणि ढिगातून भित्तिपत्रक वर आलं. या वेळी चष्मा नाकावरच होता.

पियुषनं लिहिलं होतं, राजकारण जरूर बोलावं, पण बाहेरचे वक्ते नकोत, ते आग लावून गाडीत बसून निघून जातात. संघपालनं लिहिलं होतं, ज्याला बोलवायचं त्याला बोलवा, आम्ही काय दुधखुळे आहोत? सर आधी "हुं" म्हणाले. मग भिंतीलाच म्हणाले, "हे चूक आहे." मग लाल पेन काढला. बावीस वर्षांचा मास्तर तो, हात थांबतो होय? मधली जागा भरली, समास भरला, मग नवा कागद घेतला. चहा निवला. फोन वाजून वाजून थकला. सर एवढे खुशीत मी कधी पाहिले नव्हते.

सोमवारी सकाळी सर स्वतःच टाचण्या घेऊन फलकाशी गेले आणि भित्तिपत्रक आणि आपलं उत्तर, दोन्ही कागद लावले. गर्दी झाली. पियुष म्हणाला, "सर, हे आपल्याले मंजूर नाही." संघपाल म्हणाला, "मलेही नाही." दोघं पहिल्यांदाच एका बाजूला उभे होते.

तेवढ्यात मला मुठीत धरून मारोतराव धापा टाकत आला. "सर, शिक्का! तुमच्या कागदावर शिक्का राहिला न!"

गर्दीत दीप्तीही उभी होती. हातात घडी केलेला कागद, डोळे सुजलेले. तिनं लाल अक्षरांकडे पाहिलं, मग सरांकडे.

"सर, माफीनामा आणला मी. एकच लिहिला. तुमच्यासाठी अजून एक लिहू काय?"

सरांचे कान लाल झाले. मारोतराव मला कागदावर टेकवणार, तोच सरांनी त्याचा हात बाजूला सारला. दीप्तीकडून माफीनामा घेतला, न उघडता फाडला आणि तुकडे खिशात टाकले.

"होस्टेलात राहा आणि अभ्यास कर," ते म्हणाले. "पण आधी सांग, माझं यातलं तुला काय पटलं नाही?"

"गंज काही, सर. एक-दोन नाही," दीप्ती म्हणाली आणि जागा कुठं उरली आहे ते पाहू लागली.

तेव्हापासून मी बेकार आहे. पॅड वाळलं. पोरांचे आवाज काही खाली आले नाहीत, पण फलकावरचं काही फाटलं नाही, कारण उत्तर लिहायचं तर आधी समोरच्याचं शाबूत लागतं. तुमच्याही साहेबाच्या ड्रॉवरात माझा एखादा भाऊबंद असेल, तर मेहरबानी करा, त्याला सुट्टी द्या. आम्हाला वाचता येत नाही हो. तुम्हाला येतं.

काल मात्र माझ्या जिवात जीव आला होता. सरांच्या लेखाखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'सर, मुद्दा पोकळ आहे.' सर तेच पुटपुटत, तणतणत आत आले, ड्रॉवर ओढला. मी सरसावून बसलो. त्यांनी मला उचललं, टेबलावर बाजूला ठेवलं आणि माझ्याखालचा कोरा कागद घेऊन लिहायला बसले.