पाऊणकी

रुतिका आठ वर्षांची झाली तरी शाळेत जात नाही, हे ऑफिसात सांगताना माझा आवाज आपोआप बारीक होतो. दोन वर्षांपूर्वी नमितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. घर कसलं! रोज सकाळी दोघी सानपाड्याहून दिवाळे गावात माझ्या वडिलांकडे जातात. तिथे पोरगी चिखलातली खेकड्यांची बिळं मोजते, खारफुटीच्या पानावरचं मीठ चाटून बघते आणि होडीत बसून वही लिहिते. मी बेलापूरला सातव्या मजल्यावर फायली सरकवतो. खिडकीतून खाडी दिसते. खरं सांगायचं तर मला त्या पोरीचा हेवा वाटतो.

मी तिच्याएवढा होतो तेव्हा बाबांनी मला होडीला हातसुद्धा लावू दिला नाही. "साळंत जा," एवढंच. पहाटे ते दारात उभे राहायचे, बोटांवर काहीतरी पुटपुटायचे आणि निघून जायचे. मला वाटायचं, देवाचं नाव घेतायत. मीही अंथरुणातूनच हात जोडायचो.

नमिताला मी दोन वर्षांची मुदत दिली होती. ती संपली म्हणून काल मी हट्टानं दोघींना एका शाळेत मुलाखतीला घेऊन गेलो.

"कुठला पाढा येतो?" बाईंनी विचारलं.

रुतिका खुशीत सुरू झाली. "एक पाऊन पाऊन, दोन पाऊन दीड, तीन पाऊन सव्वादोन, चार पाऊन तीन..."

"हे काय?"

"पाऊनकी. आजा शिकवतो. आज षष्ठी ना, सहा पाऊन साडेचार. म्हंजे आज साडेचारला भरती पुरी होनार."

बाई हसल्या. "पाऊण म्हणायचं, बाळा. आणि हे आता कोणी शिकवत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पहिलीत बसवू या. शनिवारपर्यंत कळवा."

त्यानंतरचं मला काही ऐकूच आलं नाही. बोटांवरचं ते पुटपुटणं! देव नव्हता तो, भरतीची वेळ होती. इतकी वर्षं मी एका पाढ्याला हात जोडत होतो.

बाहेर आल्यावर नमिता भांडली नाही. "तूच ठरव," म्हणाली. त्याचाच जास्त राग आला. ऑफिसला दांडी मारून मी दोघींबरोबर दिवाळ्याला गेलो. बाबा धक्क्यावर जाळं विणत होते. पाणी वरच्या पायरीच्या जरा खाली होतं.

"चुकलीस," मी म्हणालो.

"थांब ना पप्पा, दहा मिनिटं हायेत अजून."

साडेचारला पायरी भिजली. मी बाबांच्या शेजारी बसलो.

"बाबा, पहाटे दारात तू हेच बोलायचास?"

"मंग काय? तिथी आनि पाऊनकी."

"मना का नाय शिकवलीस?"

बाबांनी हातातली गाठ पुरी केली. "शिकवली असती तं तू खाडी सोडली नसतीस."

बरोबरच होतं त्यांचं. मी सोडली नसती. त्यांना माझ्यासाठी पंख्याखालची खुर्ची हवी होती, ती मिळाली. मला मात्र बाबांबरोबर होडीत बसायचं होतं, आणि बेचाळिसाव्या वर्षीही मला तेच हवं आहे.

शनिवारची वाट न बघता मी बाईंना फोन लावला. "रुतिका येणार नाही," एवढंच सांगितलं. नमितानं तोंड फिरवून डोळे पुसले.

"पप्पा, आता तू बोल पाऊनकी," रुतिका म्हणाली.

"एक पाऊन पाऊन, दोन पाऊन दीड, तीन पाऊन सव्वादोन, चार पाऊन तीन..." पाचला मी अडलो. रुतिका सांगायला उतावीळ झाली होती. बाबांनी तिचा हात धरला.

"गप गो. त्याला बोलू दे."

जाळं बाजूला ठेवून ते माझ्याकडे बघत बसले. मी बोटं मोजायला लागलो.