बाबांच्या नावाची जीप

कुंडलिक घाडी वारले त्याला चार वर्षं झाली. रेशनकार्डावरून त्यांचं नाव महिन्याभरात गेलं, बँकेतून त्याच्याही आधी. राहिलं ते फक्त जीपच्या कागदांवर. गिरणीचा हिशेब हातात पडला तेव्हा घेतलेली जुनी फोर-बाय-फोर.

"बाबांची आठवण आहे, नाव त्यांचंच राहू दे," असं दोन्ही मुलगे म्हणाले आणि घाटकोपरच्या त्यांच्या सोसायटीत चार बायकांनी डोळे पुसले. खरं कारण साधं होतं. गाडी एकाच्या नावावर करायची तर दुसऱ्याने 'हरकत नाही' म्हणून सही द्यायची. थोरला नंदकुमार ती सुयोगला देणार नव्हता, सुयोग नंदकुमारला. मेलेल्या बापावर मात्र दोघांचा पूर्ण भरवसा.

विम्याचा हप्ता आळीपाळीने, मोबाइलवरून. एजंट रतन म्हणाला होता, "नंदूशेठ, मालकच नाही तर विमा कुणाचा?"

"कंपनी पैसे घेते ना? मग झालं तर."

नंदकुमार जीप वापरायचा ती सोसायटीतली पार्किंगची जागा अडवायला. मुलुंडचा सुयोग न्यायचा चिखलात लोळवायला. तिच्यात बसायची हौस एकट्या सुनंदाबाईंना, म्हणजे त्यांच्या आईला. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी उपकार केल्यासारखं त्यांना खारदांड्याला मासळीला घेऊन जायचं. त्या पुढच्या सीटवर दांडा धरून ताठ बसत. घरात कोपऱ्यात बसणारी बाई ती हीच, हे पटू नये.

ऑगस्टात सुयोग मित्रांबरोबर भिवंडीपलीकडच्या माळावर गेला. चढ जमेना. अशा वेळी गपचूप रिव्हर्समध्ये सरळ खाली यायचं, पण मित्र व्हिडिओ काढत होते. याने निम्म्या चढावर गाडी आडवी वळवली. जीप कुशीवर झोपली. याचं कोपर सोललं, तिचं छत, दार आणि पुढचा ॲक्सल गेला.

विम्याचा सर्व्हेयर गॅरेजात आला. "कुंडलिक घाडी कोण?"

"आमचे वडील," सुयोग म्हणाला.

"बोलवा त्यांना. सही लागेल."

"ते नाहीत."

"कधी येतील?"

सुयोगने नंदकुमारकडे पाहिलं, नंदकुमारने छताकडे. सर्व्हेयरला उत्तर मिळालं. तो फाइल मिटून गेला, आणि विमाही त्याच्याबरोबर गेला.

त्या रविवारी नंदकुमारच्या घरी बैठक बसली.

"तू आडवी घातलीस, तू दुरुस्त कर," नंदकुमार म्हणाला.

"करतो ना. आधी नावावर दे. तुझ्या गाडीला मी कशाला पैसे घालू?"

"माझी कुठे? बाबांची."

"मग बाबांकडून घे पैसे!"

सुनंदाबाई दारात उभ्या होत्या. "माझ्या नावार करा," त्या म्हणाल्या. "माझे बांगडये आसत, ते मोडा नि गाडी उभी करा."



"आई, तुला चालवता येते का?" सुयोगने हसत विचारलं.

"चालवूक येत नाय. बसाक येता मां."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं, म्हणून दोघांनाही घाम फुटला. सुयोगने हिशेब मांडला, आई राहते दादाकडे, म्हणजे उद्या गाडी दादाचीच. नंदकुमारने मांडला, आईचा जीव धाकट्यावर, ती जाता जाता त्यालाच देऊन जाईल. दोघांची बेरीज एकच आली.

"आई, अगं, या वयात कुठे तुला आरटीओच्या खेपा," नंदकुमार मायेने म्हणाला.

"आणि बांगड्या राहू देत गं. तुझ्या आजारपणाला लागतील," सुयोग त्याहून मायेने म्हणाला.

मग नंदकुमारच म्हणाला, "गाडी मोडीतच काढू. येईल ते अर्धं-अर्धं."

"चालेल." सुयोगने विचारही केला नाही.

चार वर्षं एका सहीसाठी अडलेले भाऊ आठवड्याच्या आत वकिलाकडे शेजारीशेजारी बसले. सुयोगने दादाला पेन दिलं, नंदकुमारने त्याच्यासाठी कटिंग चहा मागवला. गॅरेजवाला म्हणत होता की इंजिन ठणठणीत आहे, अजून दहा वर्षं जाईल. त्याचं बोलणं दोघांनी तोडलं, तेही एकाच वेळी.

वारस तीन, म्हणून तिसरी सही आईची.

"खंय करू?" सुनंदाबाईंनी विचारलं.

दोन्ही मुलांनी एकदमच बोट ठेवून जागा दाखवली.