कवडीचा पान्हा

मल्हारीनं गव्हाणीशेजारी पोतं अंथरलं, त्यावर काळा टेपरेकॉर्डर ठेवला आणि मागचं झाकण काढून चारही सेल एकदा अंगठ्यानं दाबून पाहिले. कवडीनं मान वळवून त्या डब्याचा वास घेतला. खाण्यासारखं काही नाही म्हटल्यावर तिनं पुन्हा आंबोणात तोंड घातलं.

"हं, आक्का, बस आता. धार सुरू कर आन् रोजच्यासारखं गा."

"रोजच्यासारखं म्हंजे?"

"म्हशीपुढं गाती तसं. भावापुढं लाजती का काय?"

लाजलीच चंद्रभागा. पस्तिशी उलटलेली बाई, पण आजवर तिला कुणी गा म्हणून म्हटलं नव्हतं. ओरडू नको असं मात्र बऱ्याच जणांनी म्हटलं होतं. "थांब जरा," म्हणून ती घरात गेली, केसांवरून फणी फिरवली, धुतलेलं पोलकं घातलं आणि बादली घेऊन परत आली.

"अगं, आवाज धरायचा हे, फोटू नाय काढायचा!"

"असू दे. नीट असलेलं बरं."

टेपरेकॉर्डर मल्हारीच्या साडूचा. साडू दिंडोरीचा, द्राक्षवाला, त्यामुळं त्याच्या घरी असल्या वस्तू होत्या. मल्हारी म्हणाला होता, साडूच्या घरी सगळ्यांना ऐकवायचंय, आमची आक्का कशी गाते ते. चंद्रभागेला ते खरं वाटलं. का वाटू नये? पाठचा भाऊ होता तो, तिनं कडेवर घेऊन वाढवलेला. कवडीच्या कुशीला कपाळ टेकवून तिनं नेहमीचं सुरू केलं. गाणं असं त्याला म्हणता येणार नाही. 'सोड गं माय, गुणाची माझी बाय, सोड,' एवढंच, पण जात्यावरच्या चालीत, वर जाणारं, खाली येणारं. बादलीत फेस काठापर्यंत आला, तरी कॅसेटच्या दोन्ही बाजू भरेपर्यंत मल्हारीनं तिला गायला लावलं.

आठ महिन्यांपूर्वी ती कळवणहून सायखेड्याला माहेरी आली, तेव्हा हातात एक बोचकं होतं आणि डावं मनगट वाकडं जुळलेलं होतं. ते मनगट नवऱ्यानं मोडलं होतं, आणि वर दुसरी बाई आणून घरात बसवली होती. मल्हारीनं चार माणसांदेखत सांगितलं, "आक्का, मी हाये तोवर हे घर तुझं." त्याच आठवड्यात कवडी व्याली आणि तिसऱ्या दिवशी तिची पारडी गेली. कवडी कुणाला कासेजवळ फिरकू देईना. चंद्रभागा तीन दिवस तिच्यापाशी बसून राहिली, गुणगुणत राहिली, आणि चौथ्या दिवशी कवडीनं तिला पान्हा सोडला. तिलाच. मल्हारीची बायको सुलाबाई बसली की म्हैस पान्हा चोरायची, मल्हारी बसला की लाथ मारायची.

मध्ये चंद्रभागेला पाच दिवस हिवताप आला, तेव्हा तर मल्हारी तिचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन धारेला बसला. कवडीनं त्याला लुगड्यासकट शेणात पाडलं. गावानं महिनाभर त्यावर हसून घेतलं. ढोरांचे डॉक्टर पगारे तेवढे म्हणाले, "अरे, लुगड्यानं काय होतंय? ती आवाजाला सोडते." ते ऐकून सगळे हसले. मल्हारी तेवढा हसला नव्हता.

आणि गेल्या आठवड्यात कळवणहून निरोप आला. दुसरी बाई निघून गेली होती, घरात भाकरी थापायला कुणी नव्हतं, तेव्हा चंद्रभागेला पाठवून द्या. मल्हारीनं निरोप्याला चहा पाजला आणि सांगितलं, "तिला कसं धाडू? म्हशीचं कोण बघंल?" चंद्रभागा आत पीठ मळत होती. ते ऐकून तिला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिनं कवडीला दोन ओंजळी सरकी जास्त घातली.

टेप भरल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सुलाबाई म्हणाली, "वन्सं, आधी घास कापून आणा. धारेचं बघू मागून."

घासाचा भारा डोक्यावर घेऊन चंद्रभागा बांधावरून येत होती. गोठ्यातून कुणा बाईचा आवाज ऐकू आला. कोण आलंय गं, तिला वाटलं, बरी गाते की. आवाज जरा चिरका होता, पण त्यात माया होती. पुढं त्या बाईला ठसका लागला, ती थांबली, खाकरली आणि पुन्हा 'सोड गं माय' म्हणाली. भारा डोक्यावर तसाच ठेवून चंद्रभागा जागच्या जागी उभी राहिली. तो ठसका तिचा होता.

गोठ्यात पोत्यावर डबा गात होता. कवडी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती आणि सुलाबाई कासेखाली बसली होती. धारा बादलीत जोरात पडत होत्या. सुलाबाईनं मान वर केली नाही. कवडीनंही केली नाही.

आतून जळून गेली चंद्रभागा. भावानं फसवलं ते एक, माणसं फसवतातच. पण कवडीनं? जिच्या मेलेल्या पारडीसाठी ती तीन दिवस जेवली नव्हती, त्या म्हशीनं? एका डब्याला पान्हा सोडला! आणि डब्यानं तो तिच्याच गळ्यानं सोडवून घेतला. कुणाचा राग आधी करावा ते तिला कळेना.

मल्हारी बाहेर ओट्यावर दात घासत होता.

"साडूला ऐकवायचं होतं ना?"

"ऐकवीन की."

"मल्हारी, माझ्याकडं बघून बोल."

त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं, आणि बघितलं मात्र पायांकडं. "कळवणला सांगावा धाडलाय मी. दाजी म्हणत्यात मागचं सोडून द्या. सोमवारच्या गाडीत बसवून देतो तुला. पिंपळगावपर्यंत मी येतो संगं."

"आठ दिवसांमागं तर म्हणत होता, म्हशीचं कोण बघंल?"

गोठ्यात चंद्रभागा अजून गात होती.

"म्हंजे मला ठेवलं होतं ते म्हशीसाठी," ती म्हणाली.

"तसं नाय गं आक्का. पण बाईमाणूस आपल्या घरी बरं."

"आन् हे कुणाचं घर?"

तिनं भारा खाली टाकला आणि विळा ओट्यावर आपटला.

शनिवारी शेजारच्या लहानूच्या बैलाला सुई टोचायला पगारे डॉक्टर आले. सुई टोचून झाल्यावर ते हात धूत होते, तेव्हा चंद्रभागा तांब्या घेऊन गेली.

"डॉक्टरसाहेब, कवडी मला वळखती का नाय?"

"म्हणजे?"

"डब्याला पान्हा सोडती ती. माझा आवाज भरलाय त्यात."

पगाऱ्यांना गंमत वाटली. घरातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. "अरे वा! मल्हारीनं खरंच केलं वाटतं! बाई, यात ओळखण्याचा प्रश्नच नाही. आवाज कानात गेला, कानानं मेंदूला सांगितलं. मेंदूच्या तळाशी एक लहानशी गाठ असते, तिच्यातून रस सुटतो. तो रक्तातून कासेत पोचला की कास आतून आवळते आणि दूध सडात उतरतं. मिनिटभराचं काम. कवडी मनानं काही देत नाही आणि मनानं काही चोरत नाही. आता चिंच म्हटली की तोंडाला पाणी सुटतं, ते काय तुम्ही ठरवून सोडता?"

चंद्रभागेच्या तोंडाला खरंच पाणी सुटलं होतं. तिनं ते गिळलं.

"आन् भ्याली तर?"

"मग संपलं. भीतीचा रस वेगळा. तो दुसऱ्या गाठीतून येतो, आणि तो आला की कासेकडं जाणारं रक्तच आखडतं. पहिला रस पोचतच नाही. म्हणून धारेच्या वेळी जनावरावर काठी उगारू नये. मार कशाबरोबर बसला ते त्याचं अंग लक्षात ठेवतं."

"एका मारानंबी?"

"कधी कधी एका मारानंही."

डॉक्टरांच्या बोलण्यातलं अर्धं चंद्रभागेला पटलं आणि अर्धं पटलं नाही. जे पटलं ते तिच्या सोयीचं होतं.

रविवारी दुपारी मल्हारी बाजाराला गेला आणि सुलाबाई नदीवर धुणं घेऊन गेली. चंद्रभागेनं दोरीवरचं सुलाबाईचं लुगडं काढलं, आपल्या लुगड्यावरूनच गुंडाळलं आणि पदर तोंडावरून खाली ओढला. कवडी भिईल ती डब्याला आणि सुलाच्या लुगड्याला. आपला त्यात संबंध नाही. एवढा विचार करून तिनं कोपऱ्यातली काठी घेतली आणि टेपचं बटण दाबलं.

'सोड गं माय,' डबा म्हणाला.

कवडीचे कान सैल पडले. ती रवंथ करू लागली. थोड्या वेळानं, कुणी हात लावलेला नसताना, तिच्या मागच्या सडातून दूध ठिबकायला लागलं. थेंब शेणात पडत होते. चंद्रभागा काठी घेऊन बघत राहिली, आणि ते ठिबकणारं दूध बघूनच तिचं माथं भडकलं. कुणीही यावं, काहीही वाजवावं, आणि हिनं सोडावं!

"घे, सोड आता! सोड!" दातांत पदर धरून तिनं काठी घातली. एक, दोन, पाच. कवडी दाव्याला हिसका देऊन भिंतीवर आदळली, तिचे डोळे पांढरे झाले. डब्यातली बाई शांतपणे 'गुणाची माझी बाय' म्हणत होती. ठिबकणं थांबलं.

चंद्रभागेनं बटण बंद केलं, लुगडं होतं तसं दोरीवर टाकलं. मग ओंजळभर सरकी घेऊन ती आपल्याच लुगड्यात, आपल्या पावलांनी कवडीपुढं गेली. कवडीनं सरकीला तोंड लावलं नाही. आत्ता भेदरलीय, उतरेल भीती, असं म्हणून चंद्रभागेनं सरकी तिथंच ठेवली.

संध्याकाळी डबा लागला तशी कवडी दावं संपेपर्यंत मागं सरली आणि पाठ वर काढून उभी राहिली. सुलाबाईनं कोमट पाण्यानं कास धुतली, सड ओढले. हाताला काही लागेना. मल्हारीनं कॅसेट उलटी लावली, आवाज वाढवला. कवडीची लाथ बसली आणि रिकामी बादली घरंगळत दारापर्यंत गेली.

"आक्का! ये गं जरा!"

याच हाकेची चंद्रभागा चुलीपाशी वाट बघत होती. तरी ती घाईनं उठली नाही. हातपाय धुतले, केसांवर पाणी फिरवलं, मग गोठ्यात आली.

"तो डबा बंद कर आधी."

मल्हारीनं गुमान बंद केला. ती रोजच्या जागी बसली, कवडीच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि हळू आवाजात सुरू केलं.

कपाळाखाली कवडीची कातडी थरथरली. माशी बसली की थरथरते तशी, पण माशी नव्हती. चंद्रभागा थांबली. थरथर कमी झाली. ती पुन्हा 'सोड गं माय' म्हणाली, आणि थरथर पायापर्यंत गेली. सड कोरडे होते. तिनं तिसऱ्यांदा गाऊन पाहिलं, अगदी ओठातल्या ओठात. कवडी अंग चोरून भिंतीकडं सरकली. कवडी डब्याला भ्यायली नव्हती आणि लुगड्यालाही नव्हती, भ्यायली होती ती या आवाजाला.

"अहो, हे वळ बघा," कंदील पुढं धरून सुलाबाई म्हणाली.

मल्हारीनं पाठीवरून हात फिरवला, तशी कवडी उसळली. तो वळला.

"सुले, तू मारलं हिला?"

"मी? मी कशाला मारू?"

"धार तू काढती. मग दुसरं कोण मारील? सकाळी दूध कमी आलं म्हणून कुरकुरत होती ना तू?" तो तिच्या अंगावर धावून गेला.

चंद्रभागेला नुसतं गप्प बसायचं होतं. सुलाला गोठा बंद झाला असता. कवडी चार-आठ दिवसांत निवळली असती, आणि तोवर सोमवारची गाडी निघून गेली असती. सगळं आपसूक जुळून आलं होतं. मल्हारीचा हात वर गेला. सुलाबाईनं तोंड झाकलं नाही. कंदील फुटू नये म्हणून तो तेवढा बाजूला धरला. किती सवयीनं धरला तिनं!

"मल्हारी, हात खाली घे. मी मारलं."

"तू?"

"हां. हिचं लुगडं नेसून. तुझा डबा लावून."

मल्हारीनं "का गं?" असं विचारायला तोंड उघडलं, पोत्यावरच्या डब्याकडं पाहिलं, आणि विचारलं नाही. सुलाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या तोंडून "वन्सं..." एवढंच आलं.

चंद्रभागा गुडघ्यावर हात टेकून उठली. "उद्या गाडी किती वाजता हे?"

ती दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात वळली. कवडीची थरथर थांबली होती. तिनं पाठ खाली केली, पाय सैल सोडले आणि दुपारची सरकी हुंगून खायला लागली.

"सुला, बस कासेखाली," चंद्रभागा म्हणाली. "मी लांब गेले की सोडंल ती."