पोचा आलेली वाटी

जगातला कुठलाही अन्याय शेवटी मोजता येतो, यावर बेबीची श्रद्धा होती. म्हणूनच दादाच्या घराची बेल दाबण्याआधी तिने जिन्यात पर्स उघडली आणि आतला काचेचा मेजरिंग सिलिंडर शाबूत आहे ना, हे चाचपून पाहिलं. शाबूत होता. फुटू नये म्हणून तिने तो नवऱ्याच्या लोकरी पायमोज्यात घालून आणला होता. नवऱ्याला या मोहिमेचा पत्ता नव्हता, आणि पायमोज्याचाही नव्हता.

बेबी बावन्न वर्षांची होती. एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या नऊ जणांवर तिची हुकमत चाले, आणि ते नऊही जण तिच्या सँडलचा आवाज आला की खुर्चीत ताठ होत. पण माहेरी एकदा बेबी नाव पडलं की माणसाची बढती तिथेच थांबते.

अन्याय सहा वर्षांपूर्वीचा होता. आई गेली, जुनं घर आवरायला काढलं, आणि बेबी ड्यूटीवर असताना दादाने बेसिनवरच्या फळीवरची पोचा आलेली स्टीलची वाटी उचलून खिशात घातली. आईची पाककृतींची वही बेबीला मिळाली. वरवर पाहता वाटणी चोख होती. त्या संध्याकाळी बेबीने वही उघडली तेव्हा पहिल्याच पानावर, आईच्या बारीक तिरक्या अक्षरात होतं: ‘पाव. पाणी अर्धा लिटर. यीस्ट दोन चमचे. मीठ दीड चमचा. पीठ पाच वाट्या, पोचा आलेल्या वाटीने.’ शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ होती.

म्हणजे कुलूप एकाकडे आणि किल्ली दुसऱ्याकडे, आणि वर दादाचं म्हणणं असं की आपण काही मोठं नेलेलं नाही, एक वाटी तर नेली.

बेबीने आपल्या घरच्या वाटीने पाव करून पाहिला. पीठ पातेल्यातून बाहेर ओघळलं. मग पुस्तकातल्या मापाने केला. तो टम्म फुगला, नवऱ्याने आणि मुलीने गरम असतानाच अर्धा संपवला, आणि बेबीला त्या दोघांचा संताप आला. मूळ माप हातात नसताना आलेलं उत्तर बरोबर असलं, तरी प्रयोगशाळेत त्यावर सही करत नाहीत. उलट दादाकडे जेवायला जावं, तर टेबलावर खरपूस, थेट आईच्यासारखा पाव, आणि पाहुण्यांसमोर दादाचं ठरलेलं वाक्य, “हात शिकून येत नाही हो, उतरावा लागतो.” बेबी तो पाव चावायची. चांगला असायचा. यापेक्षा मोठा अपमान तिला आठवत नव्हता.

फोनवर तिने वीसदा तरी विचारलं असेल.

“दादा, एक दिवस दे वाटी. मोजते आणि परत आणून देते.”

“आईची आठवण आहे ती. घराबाहेर जाणार नाही.”

“आठवण ठेव तुझ्याकडे. वाटी दे.”

“मग तू वही दे.”

“वही घराबाहेर जाणार नाही.”

दादा विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचा, म्हणजे मुख्यतः नाकारायचा. घरात पुराचं पाणी शिरलेल्या माणसाला तो पाणी नेमकं कुठल्या दाराने आलं ते विचारी, आणि खिडकीतून आलं असेल तर फाइल बंद करी. अशा माणसाकडून वाटी काढणं म्हणजे काय, ते बेबीलाच ठाऊक.

पण आता गोष्ट निराळी होती. दादाकडे राहणारे बाबा जेवेनासे झाले होते. ताटाशी बसायचे, बोटाने काहीतरी उगाच इकडचं तिकडे करायचे आणि उठायचे. दोन घोट पेज पोटात गेली तर गेली. तीन महिन्यांत सहा किलो उतरले. बेबीने तीनदा स्वतःच्या हाताने त्यांचं रक्त काढलं आणि स्वतः तपासलं. साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, सगळं तिच्या हाताखालच्या नऊ जणांपेक्षा बरं निघालं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय हा रिपोर्ट नव्हे, असं बेबीने डॉक्टरांना तोंडावर ऐकवलं. आणि मग मागच्या रविवारी पेजेची वाटी बाजूला सारत बाबा म्हणाले, “तुमच्या आईचा तो शिंपल्यांचा रस्सा आणि पाव असता, तर बघितलं असतं.”

तीन महिन्यांत त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट. तेव्हा कुठे दोन्ही पक्षांत तह झाला. वही आणि वाटी एकाच ओट्यावर येणार. दादाच्या घरी. शनिवारी दुपारी.

वहिनीने दार उघडलं. तिच्या हाताला मासळीचा वास होता आणि कपाळावर पिठाचं बोट उमटलेलं होतं.

“या बेबीताई. शिंपले सकाळीच मिठाच्या पाण्यात घातलेत.”

“वहीत दोन तास लिहिलंय.”

“हो का? मी आपली वाळू निघेपर्यंत ठेवते.”

पलीकडच्या खोलीत बाबा रेडिओ लावून पडले होते. त्यांचं दार लोटलेलं होतं. दादाने कपाटाच्या लॉकरमधून, मुदतठेवीच्या पावत्यांच्या मागून, पिवळ्या फडक्यात बांधलेली वाटी काढली आणि दोन्ही हातांनी ओट्यावर ठेवली. बेबीने पर्समधून पायमोजा काढला आणि पायमोज्यातून सिलिंडर.

“हे काय?”

“मेजरिंग सिलिंडर.”

“आमच्याकडे गॅस संपलेला नाही.”

बेबीने वाटी पाण्याने काठोकाठ भरली, शंभर मिलिलिटरच्या सिलिंडरमध्ये ओतली, तो रिकामा केला, उरलेलं ओतलं. मग गुडघ्यात वाकून, डोळा पाण्याच्या रेषेशी आणून तिने आकडा वाचला. शंभर, आणि वर ऐंशी. सहा वर्षं ज्याच्यासाठी तिने रक्त आटवलं, तो आकडा एकशे ऐंशी होता. तिला वाटलं होतं, काहीतरी जास्त असेल.

मग तिने वही उघडून निकाल वाचावा तसा पाव वाचला. दादाने पाच वाट्या पीठ घेतलं, दरवेळी सुरीच्या पात्याने वाटी सपाट करून. बेबीने अर्धा लिटर पाणी ओतलं. दोघांनी आळीपाळीने कालवलं. पाच मिनिटांनी पातेल्यात जे तयार झालं, त्याने भिंतीवर पोस्टरं उत्तम चिकटली असती.

“वही चुकीची आहे,” दादा म्हणाला.

“वही आईच्या अक्षरात आहे. वाटी चुकीची आहे.”

“वाटी कशी चुकेल? वाटी काय लिहायला जाते का?”

“अर्ध्या लिटर पाण्याला आठशे ग्रॅम पीठ लागतं. पीठ पाण्यापेक्षा हलकं, पाच वाट्यांत तेवढं बसायचं, तर वाटी दोनशे नव्वद मिलिलिटरची पाहिजे. ही एकशे ऐंशीची आहे.”

“वापरून वापरून आटली असेल.”

“स्टील आटत नाही, दादा.”

“तू स्टील तपासतेस की रक्त?”

“मग तुझा पाव इतकी वर्षं होतो कसा?”

“मी चार वाट्या घेतो.”

“चार! आणि पाणी?”

“ते पुढचं ही बघते,” दादाने हनुवटीने वहिनीकडे खूण केली.

वहिनीने एव्हाना पातेलं स्वतःकडे ओढून घेतलं होतं. डब्यातून मूठ मूठ पीठ टाकत, तळहाताच्या टाचेने दाबत, उलटं करून पुन्हा दाबत ती मळत होती. खळीचा गोळा झाला होता, गोळ्याला तकाकी आली होती.

“वहिनी, किती घातलंस?”

“हाताला चिकटायचं थांबलं बघा.”

“पण किती?”

“मला काय मोजू दिलंत? तुम्ही दोघं एवढ्या मोठ्याने ओरडताय, तीनच्या पुढे चार आठवेना.”

तिने गोळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि कोळंबीची डोकी भाजायला घेतली. लसूण तांबूस झाला, टोमॅटो विरघळले, त्यात डोक्यांचा अर्क गेला, आणि स्वयंपाकघराला एकाएकी सहा वर्षांपूर्वीचा वास आला. दादा आणि बेबी दोघंही गप्प झाले, आणि दोघांनाही आपण गप्प झाल्याचा राग आला. माशाचे तुकडे शेवटी सोडायचे, त्याआधी शिंपले. बेबीने वहीतून वाचलं: ‘शिंपल्यांचं सुटलेलं पाणी गाळून रश्शात घालणे. तोंड न उघडलेला शिंपला फेकणे. त्याची समजूत काढत बसू नये.’

दोन शिंपल्यांनी तोंड उघडलं नाही. वहिनीने ते उचलले.

“थांब, अजून दोन मिनिटं देऊ त्यांना,” दादा म्हणाला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाला दिलेली ही पहिली मुदतवाढ असावी.

वहिनीने शिंपले केराच्या डब्यात टाकले.

साडेसातला टेबल मांडलं गेलं. मधोमध पाव, वरून कडक, चिरा पडलेला, गरम. पावाच्या डाव्या अंगाला दादाने घडी घातलेल्या रुमालावर वाटी ठेवली. ते पाहून उजव्या अंगाला बेबीने वही ठेवली. बाबा खोलीतून निघाले, खुर्च्यांच्या पाठी धरत धरत टेबलापर्यंत आले. शर्टाच्या कॉलरमध्ये आता त्यांची मान आणि वर आणखी एक मान मावली असती. बसता बसता ते थबकले.

“अरे वा, सापडली का?”

“काय, बाबा?”

“माझी दाढीची वाटी. घर हलवल्यापासून शोधतोय. सहा वर्षं फुटक्या कपात ब्रश बुडवतोय मी.”

बाबांनी वाटी उचलून नाकाशी धरली.

“साबणाचा वास गेला वाटतं.”

“बाबा, नीट बघा,” दादाचा आवाज दावेदारासारखा येत होता. “हा पोचा बघा. आईची पिठाची वाटी आहे ही.”

“पोचा मीच पाडलाय. नळावर आपटली होती एकदा, पाणी गेलं म्हणून.”

बेबीच्या आत सहा वर्षं कोंडलेलं काहीतरी सरसर वर चढत आलं. विजय पुरता होता. साक्षीदार हजर होते. वाक्यसुद्धा तयार होतं, आणि त्यात ‘उतरलेला हात’ आणि ‘दाढीचा साबण’ हे दोन्ही शब्द नीट बसत होते. तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात बाबांनी पावाचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला. वहिनी न सांगता उठली, त्यांच्या खोलीत गेली आणि उशाकडची वाटी घेऊन आली. स्टीलची, बऱ्यापैकी मोठी, अर्धी पाण्याने भरलेली. काठाला पोचा होता. बाबांनी संकोचाने तोंड भिंतीकडे वळवलं, हात तोंडाशी नेला, आणि कवळी काढून वाटीतल्या पाण्यात सोडली. मग पावाचा तुकडा रश्शात बुडवून, तो जड होईपर्यंत थांबून, त्यांनी खाल्ला. दुसरा बुडवला. तोही खाल्ला.

“बाबा, कवळी का काढलीत?” बेबीने विचारलं.

“टोचते. सैल झालीय, हिरड्या सोलून निघतात.”

“कधीपासून?”

“झाले की तीन महिने.”

तीनदा तिने त्यांच्या दंडाला पट्टी बांधली होती. मूठ मिटा म्हणाली होती, मूठ उघडा म्हणाली होती. तोंड उघडा, असं एकदाही म्हणाली नव्हती.

“मग सांगायचं नाही का आम्हाला?”

“सांगणार होतो,” बाबा घास गिळून म्हणाले. “पण तुमचं वाटीचं चाललं होतं.”

दादा वहिनीकडे वळला. “तुला माहीत होतं?”

“दोनदा म्हटलं मी तुम्हाला, दातांच्या डॉक्टरकडे नेऊ या. तुम्ही म्हणालात, बेबीचे रिपोर्ट येऊ देत.” तिने बाबांच्या ताटात रस्सा वाढला. “मग मी आपली पेज करत राहिले.”

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, आणि म्हणून त्यावर भांडता येईना.

बाबांनी तिसरा तुकडा संपवला, चौथा मागितला, शिंपल्यातलं मांस बोटाने काढून चोखलं. हनुवटीवरून रस्सा ओघळत होता आणि ते पुसायच्या भानगडीत पडले नाहीत.

“पाव अगदी तिच्यासारखा जमलाय. कुणी केला?”

दादाने दाढीच्या वाटीकडे पाहिलं. बेबीने वहीकडे पाहिलं. वहिनी तोवर उरलेला रस्सा गरम करायला आत गेली होती.

जेवणं झाल्यावर बेबीने बाबांची कवळी उचलून दाढीच्या वाटीत ठेवली आणि काठाला पोचा असलेली ती मोठी वाटी घेऊन ती ओट्याशी गेली. साबण लावून तिने ती दोनदा घासली. नळाखाली काठोकाठ भरली. पायमोज्यातून पुन्हा सिलिंडर काढला.

एकदा शंभर. दुसऱ्यांदा शंभर. तिसऱ्यांदा नव्वद.