बाबांच्या छातीची उंची

आमच्या जंगलाने किती कार्बन धरून ठेवलाय, हे साहेब झाडांच्या घेरावरून काढतात. बाबा निवृत्त झाले आणि मोजायची टेप माझ्या हाती आली. पहिल्याच वर्षी साहेब म्हणाले, "यंदा सगळी झाडं बारीक झालीत. उपास करतात की काय?"

माझं डोकंच फिरलं. मी बाबांना तडक जंगलात नेलं. ते पहिल्या झाडाला चिकटून उभे राहिले आणि छातीपाशी टेप गुंडाळली. ती जेमतेम माझ्या कमरेशी आली.

"बाबा, छातीची उंची म्हणजे साडेचार फूट! नियमात लिहिलंय! इतक्या खाली बुंधा जाडच भरणार!"

"मला छातीएवढ्या उंचीवर मोज म्हणाले. मी दुसऱ्याची छाती कुठून आणू?"

सव्वीस वर्षं पाण्यात गेली, म्हणत मी त्यांच्या मोजणीच्या वह्या साहेबांपुढे आपटल्या. साहेबांनी त्या सावकाश चाळल्या.

"अगं, दरवर्षी तीच झाडं, तीच उंची. माणूस तसूभर हलला नाही. वाढ अचूक कळतेय. आता तूही तिथेच मोज."

चारशे झाडं आहेत, म्हणजे चारशे वेळा वाकायचं. एरवी मी कुणापुढे वाकत नाही.