केर्स्टीला न सांगितलेलं

नवा माणूस शाळेत आला की त्याला शाळा दाखवायचं काम एल्स्पेथ गेडेसकडे असे. फाइफच्या किनाऱ्यावरची ती लहानशी प्राथमिक शाळा, आणि एल्स्पेथ तिथे वीसेक वर्षं शिकवत होती. कुठलं दार वाऱ्याने अडकतं, कुठल्या मुलाला दूध चालत नाही, कुणाची आई घर सोडून गेली आहे आणि म्हणून मदर्स डेची कार्डं करताना वर्गात काय बोलायचं नाही, हे सगळं ती नव्या शिक्षकांना सांगे. पहिलं अख्खं सत्र ते तिचं बोट धरल्यासारखे तिच्या मागेमागे असत. तिला ते आवडे.

त्या ऑगस्टात केर्स्टी मॉइर आली. पंचविशीची, अ‍ॅबरडीनच्या बाजूची. तिला उजव्या कानाने मुळीच ऐकू येत नव्हतं आणि डाव्या कानात मशीन होतं. मुख्याध्यापक डॅल्ग्लिश यांना तिला घेतल्याचा अभिमान वाटत होता आणि तो त्यांना लपवता येत नव्हता. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले की सगळ्यांना सामावून घ्यायचं आपलं धोरण नुसतं मुलांसाठी नाही, आपल्यालाही लागू आहे. मग स्टाफरूममधलं लांबट टेबल जाऊन गोल टेबल आलं, म्हणजे केर्स्टीला सगळ्यांचे चेहरे दिसावेत. तिच्या वर्गात जाड गालिचा आला, आवाज घुमू नये म्हणून. आगीची घंटा वाजली की लुकलुकणारा लाल दिवा भिंतीवर बसला. हे सगळं पंधरवड्याच्या आत झालं.

एल्स्पेथने दोन वर्षं तसाच गालिचा मागितला होता, एफी ब्युकनसाठी. दोन्ही वर्षं तिला पुढच्या वर्षी बघू असं उत्तर मिळालं होतं.

एफी आठ वर्षांची, स्वमग्न, मोजकंच बोलणारी. तिचा बाप खेकडे आणि लॉब्स्टर पकडायच्या बोटीवर असे. दोन वर्षं ती एल्स्पेथच्या वर्गात होती. सुरुवातीला ती टेबलाखाली बसायची. एल्स्पेथ रोज थोडा वेळ तिच्याबरोबर टेबलाखाली जाऊन बसली, गुडघे दुखत असताना बसली, आणि वसंतात एफी खुर्चीवर आली. तिच्या कोटाची बटणं एल्स्पेथशिवाय कुणी लावलेली तिला चालत नसत. गावात लोक म्हणत, त्या पोरीला गेडेसबाईंनी माणसात आणलं. एल्स्पेथ हात झटकून काहीतरी बोले, पण घरी जाताना ते वाक्य मनात घोळवत जाई.

आता एफी वरच्या वर्गात गेली होती, म्हणजे केर्स्टीकडे.

एल्स्पेथने मनाशी ठरवलं होतं की आपण मोठेपणाने वागायचं. पण सप्टेंबर सरायच्या आत केर्स्टीच्या वर्गातली मुलं हातांच्या खुणांनी एकमेकांना सुप्रभात म्हणायला लागली, आणि एफीही म्हणायला लागली. बोलायला लावलं की मान फिरवणारी ती पोर दोन्ही हातांनी ‘पाणी’, ‘पुरे’, ‘परत एकदा’ असं सांगू लागली. एके दिवशी शाळा सुटताना एल्स्पेथने तिला व्हरांड्यात गाठलं आणि सवयीने कोटाच्या बटणाला हात घातला. एफी मागे सरली. तिने छातीवर बोट टेकवून एक खूण केली आणि केर्स्टीच्या वर्गाकडे पाहिलं.

“काय म्हणतेय ही?” एल्स्पेथने विचारलं.

दारात उभी असलेली केर्स्टी म्हणाली, “माझी मी लावते, म्हणतेय. कालपासून लावायला लागली. कसली खूश आहे बघा ना.”

एल्स्पेथ हसली. घरी जाऊन तिने सूप गरम केलं आणि ते तसंच ठेवून दिलं. आपल्याला झालंय काय हे तिला कळत होतं. पोरीने बटणं लावायला शिकावं म्हणून तिने दोन वर्षं घालवली होती, आणि आता पोर ते शिकली तर तिच्याच पोटात दुखत होतं.

त्यातच समावेशक शिक्षणाचं काम पाहणाऱ्या मिसेस पीरी नाताळात निवृत्त होणार होत्या. ती जागा एल्स्पेथची असं सगळे धरून चालले होते. ऑक्टोबरात डॅल्ग्लिश तिला सहज बोलल्यासारखं म्हणाले की केर्स्टीने यातच पदविका केली आहे, तिचं पहिलं वर्ष संपलं की बघू, तोवर जागा घाईने भरायला नको. एल्स्पेथ म्हणाली, बरोबर आहे. मग ती साहित्याच्या खोलीत गेली आणि रंगीत कागदांचे गठ्ठे विनाकारण इकडून तिकडे हलवत राहिली.

फायर ड्रिलची गोष्ट नोव्हेंबरातली. ड्रिल कधी आहे हे आधी फक्त डॅल्ग्लिश, शिपाई आणि एल्स्पेथ यांना माहीत असे. घंटेच्या कर्कश आवाजाने एफी सैरभैर होई. कान झाकणारे हेडफोनही त्या आवाजापुढे पुरत नसत. म्हणून एल्स्पेथ ड्रिलच्या जरा आधी काही निमित्त काढून तिला मैदानाच्या पार टोकाला घेऊन जाई. ही युक्ती तिची स्वतःची. ती कुठे लिहिलेली नव्हती, आणि हेडफोन एवढेच सगळ्यांना ठाऊक होते.

“गुरुवारी सकाळी घेऊ या. केर्स्टीला एफीचं तेवढं सांगून ठेव,” डॅल्ग्लिश म्हणाले.

एल्स्पेथ हो म्हणाली. मंगळवारी तिची आणि केर्स्टीची ठरलेली बैठक होती, नव्या शिक्षकासाठी दर आठवड्याला होते तशी. त्या दिवशी केर्स्टी फार उत्साहात होती. एफीने वर्गासमोर उभं राहून खुणांनी एक अख्खी गोष्ट सांगितली होती आणि डॅल्ग्लिशनी ती पालकांच्या सभेत पुन्हा करून दाखवायला सांगितलं होतं. एल्स्पेथ ऐकत राहिली. सांगायचं तिच्या जिभेवर होतं. तिने चहाचा कप उचलला, ठेवला, आणि सांगितलं नाही. उद्या सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. बुधवारी दोघी व्हरांड्यात समोरासमोर आल्या, आणि तेव्हाही तिने सांगितलं नाही. तिला एफीचं वाईट व्हायला नको होतं. तिला एवढंच हवं होतं की एकदा, एकदाच, केर्स्टीला काहीतरी जमू नये.

गुरुवारी घंटा वाजली आणि केर्स्टीच्या वर्गातला लाल दिवा लुकलुकायला लागला. एल्स्पेथ आपल्या मुलांना ओळीने मैदानावर घेऊन आली. समुद्रावरून धुकं आलं होतं. केर्स्टीने आपली मुलं मोजली, पुन्हा मोजली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“एफी नाही. हेडफोन घालून ओळीत उभी होती, माझ्या मागेच होती,” ती म्हणाली आणि दाराकडे धावली. शिपायाने तिला अडवलं.

एफी कुठे असेल हे एल्स्पेथला ठाऊक होतं. ती कुणाला न विचारता आत शिरली, कोट टांगायच्या खोलीत गेली, आणि ओल्या कोटांच्या मागे भिंतीशी अंग मुडपून बसलेली एफी तिला सापडली. पोरीचा ओठ रेडिएटरवर आपटून फुटला होता. तोंडातून आवाज निघत नव्हता, नुसता श्वास चालला होता. एल्स्पेथ खाली बसली. एफीने तिच्या गळ्याला मिठी मारली आणि नखं रुतेपर्यंत धरून ठेवली. त्या क्षणी, घंटा वाजत असताना आणि पोरीचं रक्त कॉलरला लागत असताना, एल्स्पेथला आनंद झाला. माझ्याकडेच आली, असं तिच्या मनात आलं. पुढे कित्येक दिवस तिला तोच आनंद आठवायचा आणि अंगावर काटा यायचा.

दुपारी डॅल्ग्लिशनी दोघींना बोलावलं. एफीचा बाप येऊन तिला घेऊन गेला होता. तो ओरडला नव्हता. हे कसं झालं, एवढंच त्याने विचारलं होतं.

“एल्स्पेथ, तू केर्स्टीला सांगितलं होतंस ना?” डॅल्ग्लिशनी विचारलं.

एल्स्पेथने तोंड उघडलं, पण तिच्या आधी केर्स्टी बोलली.

“सांगितलं असणार,” ती म्हणाली. “बुधवारी व्हरांड्यात भेटलो तेव्हा त्या काहीतरी बोलत होत्या. मुलांचा गोंगाट होता आणि माझी उजवी बाजू त्यांच्याकडे होती. मी मान डोलावली. ऐकू आलं नाही की मी मान डोलावते. लहानपणापासूनची खोड आहे. परत विचारायला हवं होतं.”

व्हरांड्यात एल्स्पेथ हवेबद्दल बोलली होती. ती गप्प बसली. डॅल्ग्लिशनी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ चांगुलपणा असा घेतला.

त्यानंतर सगळं एल्स्पेथला हवं होतं तसं होत गेलं. एफी आठवडाभर घरी राहिली, आणि आली तेव्हा काही दिवसांसाठी म्हणून तिला एल्स्पेथच्या वर्गात बसवलं. डॅल्ग्लिश मिसेस पीरींच्या जागेचं पुन्हा बोलू लागले. स्टाफरूममध्ये लोक केर्स्टीशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले, चार वर्षांच्या पोराशी बोलावं तसं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. केर्स्टीने ऐकलेली प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवायला सुरुवात केली. जेवण वाढणाऱ्या बाईने आज मसुरीचं सूप आहे म्हटलं तर ती म्हणे, “मसुरीचं सूप, बरोबर ना?” गोल टेबलापाशी बसायचं सोडून ती वर्गातच डबा खाऊ लागली.

एफी एल्स्पेथच्या वर्गात खुर्चीवर बसत होती, पण हातांनी काही सांगत नव्हती. एल्स्पेथला त्या खुणा येत नव्हत्या. एकदा पोरीने दोन्ही हात उचलून काहीतरी सुरू केलं, एल्स्पेथच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवून दिले.

डिसेंबरच्या सुरुवातीला केर्स्टीने एल्स्पेथला विचारलं की शुक्रवारी दुपारी ती डंडीच्या बाजूला जाणार आहे का. इस्पितळात कान तपासायला जायचं होतं आणि बस गैरसोयीची होती. एल्स्पेथ म्हणाली, सोडते.

गाडीत केर्स्टी डावीकडे बसली, म्हणजे तिचा उजवा कान एल्स्पेथकडे. बोलणं होणं शक्य नव्हतं, आणि एल्स्पेथला तेच बरं वाटत होतं. टे नदीच्या पुलावर केर्स्टी खिडकीतून बाहेर बघत आपणहून म्हणाली, “मला वाटतं डावा कानही जात चाललाय. आईला अजून सांगितलं नाही. त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत आणि मला एक शब्द आठवत नाही. नुसतं ऐकू न येणं मला माहीत आहे. पण कुणी बोललं हेसुद्धा कळू नये, असं कधी झालं नव्हतं. दोन्ही गेले तर वर्ग कसा सांभाळणार मी?”

एल्स्पेथ काहीतरी बोलली. अर्थातच केर्स्टीला ते ऐकू गेलं नाही. पुटपुटून चालणार नव्हतं, समोर बघत गाडी चालवता चालवता सांगून मोकळं होता येणार नव्हतं. इस्पितळाच्या आवारात तिने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि केर्स्टीच्या दंडाला हात लावला. केर्स्टी वळली आणि तिच्या ओठांकडे पाहू लागली.

“मी तुला सांगितलंच नव्हतं,” एल्स्पेथ म्हणाली.

“परत सांगा.”

“एफीचं. ड्रिलचं. मी तुला काहीच सांगितलं नव्हतं. तुझ्या कानाला काही झालेलं नाही.”

“विसरलात?”

विसरले म्हणायची वाट अजून मोकळी होती. एल्स्पेथने मान हलवली. “नाही. मुद्दाम. मला तुझा हेवा वाटत होता. एफी तुझ्याकडे गेली, ते मला बघवत नव्हतं.”

केर्स्टी बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू अजून काही शब्द यायचे बाकी आहेत. मग म्हणाली, “महिनाभर मी झोपलेली नाही.”

“माहीत आहे.”

“नाही, तुम्हाला माहीत नाही.” तिने सीटचा पट्टा सोडला. “आणि एफीचा ओठ फुटला. तुमच्या हेव्यापायी. मला परत न्यायला थांबू नका.”

ती उतरून गेली. एल्स्पेथ तरीही बराच वेळ तिथे बसून राहिली आणि मग एकटी परतली.

सोमवारी सकाळी तिने डॅल्ग्लिशना सांगितलं. आधी त्यांना खरंच वाटेना. मग ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “नव्या माणसाला तुझ्याकडे सोपवताना मला कधी दोनदा विचार करावा लागला नव्हता.” ते काम तिच्याकडून गेलं. मिसेस पीरींची जागाही गेली. वर कळवावं लागेल असं ते म्हणाले आणि त्यांनी कळवलं. तिला लेखी ताकीद मिळाली. एफीच्या बापाला सांगायला ती स्वतः धक्क्यावर गेली. त्याने खेकड्यांच्या पिंजऱ्याची दोरी गुंडाळता गुंडाळता सगळं ऐकून घेतलं. “पोर तुमच्यावर विश्वास ठेवते,” एवढंच तो म्हणाला आणि बोटीत उतरला.

केर्स्टीच्या डाव्या कानात काही बदल नव्हता. हे एल्स्पेथला जेवण वाढणाऱ्या बाईकडून कळलं. एफी नाताळच्या सुट्टीआधीच परत केर्स्टीच्या वर्गात गेली. केर्स्टी पुन्हा गोल टेबलापाशी बसायला लागली. एल्स्पेथ आत आली तर ती उठून जात नसे, पण तिच्याकडे बघतही नसे. ज्याला समोरच्याचा चेहरा पाहिल्याशिवाय कळत नाही त्याने न बघणं म्हणजे काय, हे एल्स्पेथला तेव्हा समजलं.

फेब्रुवारीत एके दिवशी शाळा सुटल्यावर केर्स्टी एल्स्पेथच्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

“पुढच्या आठवड्यात ड्रिल आहे. तुम्ही काय करायचात ते सगळं सांगा. काही वगळू नका.”

एल्स्पेथने वही मिटली, उजेड तोंडावर येईल अशी खुर्ची वळवली, आणि सांगितलं. कुठलं निमित्त काढायचं, किती दूर जायचं, वारा समुद्राकडून असेल तर आवाज कुठवर येतो, परत आणताना हात धरायचा नाही. केर्स्टीने मधे दोनदा विचारलं आणि एल्स्पेथने दोनदा सांगितलं. शेवटी केर्स्टी म्हणाली, “तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मी आभार मानणार नाही.”

“मानू नकोस.”

“मंगळवारी दुपारी मी शिक्षकांना खुणा शिकवते. दोन-तीन जण येतात. कुणालाही येता येतं.”

असं म्हणून ती गेली. एल्स्पेथला पुन्हा आत कुठेतरी टोचलं. या वयात, तिच्याकडून, लहान मुलांसारखं शिकायला बसायचं. मंगळवारी ती गेली. मागच्या बाकावर बसली, आणि पहिल्या दिवशी तिची बोटं एकाही खुणेत नीट वळली नाहीत.